‘ऋण’ म्हणजे शिक्षा नव्हे: मानसशास्त्राच्या पेपरात या चुका टाळा

पहिल्या वर्षाचे मानसशास्त्राचे पेपर तपासताना दरवेळी तेच दिसतं. व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ असते आणि लगेच पुढच्या प्रश्नात एखादा प्रसंग दिला की मार्क जातात.

सगळ्यात जास्त विकेट काढतं ते ऋण प्रबलन. ‘ऋण’ म्हणजे काहीतरी वाईट, म्हणजे शिक्षाच, असं मुलं परस्पर ठरवून टाकतात. इथलं धन-ऋण हे नुसतं बेरीज-वजाबाकीचं आहे: काही मिळालं की धन, काही निघून गेलं की ऋण. वागणं वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. आता हा प्रसंग घ्या. दुकानात पोर चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, आई वैतागून घेऊन देते, रडणं थांबतं. पोराला चॉकलेट मिळालं, उद्या ते पुन्हा रडणार. हे धन प्रबलन. आईची कटकट गेली, उद्या तीही लवकर पाकीट उघडणार. हे ऋण प्रबलन. दोघंही शिकली, पण वेगवेगळं. म्हणून आधी बघा, प्रश्न कोणाच्या वागण्याबद्दल आहे? आणि मोबाइल काढून घेतल्यावर मुलाचं उशिरा घरी येणं कमी झालं, तर ती ऋण शिक्षा. तिथे सवयीने ‘प्रबलन’ लिहू नका.

पाव्हलॉव्हचा कुत्रा, म्हणजे अन्नासोबत येणाऱ्या खुणेलाच लाळ गाळायला शिकलेला, सगळ्यांना येतो, पण वॉटसन आणि रेनर यांच्या १९२० मधल्या प्रयोगातलं बाळ, छोटा अल्बर्ट, आलं की गाडी अडते. बाळ पांढऱ्या उंदराला आधी घाबरत नव्हतं. उंदीर पुढे ठेवून मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारू लागले, तेव्हा ते नुसत्या उंदरालाही भिऊ लागलं. यात अनभिसंधित उद्दीपक, म्हणजे शिकवल्याशिवायच प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट, कोणती? बरेच जण उंदीर लिहितात. न शिकवता ज्याने दचकायला होतं तो, म्हणजे आवाज. भीती दोन्हीकडे आहे, पण आवाजाची अनभिसंधित आणि उंदराची अभिसंधित, म्हणजे शिकलेली.

सहसंबंधात, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात हे -१ ते +१ मधल्या आकड्याने सांगण्यात, दोन खड्डे आहेत. -०.८ हा +०.५ पेक्षा पक्का संबंध. चिन्ह फक्त दिशा सांगतं. दुसरा कार्यकारणाचा. शाळेतल्या ज्या मुलांचे बूट मोठे ती जास्त चांगलं वाचतात, कारण ती वयानेच मोठी असतात. बूट बदलून वाचन सुधारत नाही.

राहिली तयारीची पद्धत. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत लिहिणारे. या प्रयोगावरची टीपही मुलं पाच-पाच वेळा वाचूनच पाठ करतात.