हातघडणीचा शोभेचा खंजीर: पारखावा कसा, जपावा कसा

हाताने घडवलेला शोभेचा खंजीर पाहताना बहुतेकांची नजर आधी पात्यावरच्या दमास्कस नक्षीवर, म्हणजे पोलादाच्या थरांतून उठणाऱ्या रेषांवर, किंवा मुठीवरच्या चांदीच्या कामावर जाते. पारख करायची असेल, तर ही दोन्ही आकर्षणे थोडा वेळ बाजूला ठेवावीत आणि आधी पात्याचा आकार तपासावा. एकधारी सुरीला जाड पाठ असते आणि तिथे उतारातला लहानसा फरक सहज खपून जातो. खंजिराला मात्र दोन्ही बाजूंनी धार असते. मधल्या कण्यापासून दोन्ही धारांकडे जाणारे पात्याचे चारही उतार सारख्या रुंदीचे आणि सारख्या कोनाचे असावे लागतात, आणि त्यांपैकी एक जरी किंचित जास्त घासला गेला, तरी कण्याची रेघ वाकडी होऊन चूक उघडी पडते. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या १९७६ साली स्थापन झालेल्या संस्थेत मास्टर स्मिथ ही पदवी मिळवू पाहणाऱ्या कारागिराला किमान ३०० थरांच्या दमास्कस पोलादाचा, आडव्या परजेचा (पाते आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या पट्टीचा) खंजीर सादर करावा लागतो, त्यामागचे कारण माझ्या मते हेच आहे.

पाहण्याची रीत सोपी आहे. खंजीर डोळ्यांच्या पातळीवर, टोक कोणाच्याही दिशेने येणार नाही असा आडवा धरावा आणि खिडकीच्या चौकटीचे किंवा सरळ दिव्याचे प्रतिबिंब पात्यावरून हळूहळू सरकवावे. प्रतिबिंबाची कड अखंड सरकली तर उतार सपाट आहे. ती मध्येच लाटेसारखी हलली, तर पॉलिश करताना तिथे खळगा पडलेला आहे. त्यानंतर कण्याची रेघ परजेपासून टोकापर्यंत नजरेने माग काढत पाहावी. ती नेमकी टोकातच संपली पाहिजे, आणि पाते उलटल्यावर दुसऱ्या बाजूची रेघही त्याच जागी संपली पाहिजे. शेवटी मुठीच्या बाजूने, बंदुकीची नळी पाहावी तसे पात्याच्या लांबीवरून पाहून पाते वाकलेले नाही याची खात्री करावी. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवलेले पाते तेलात बुडवताना, एक बाजू दुसरीपेक्षा आधी थंड झाली तर पाते वाकते. लांब आणि निमुळत्या दुधारी पात्यात हा धोका मोठा असतो, म्हणून सरळ पाते ही कारागिराच्या संयमाची खूण समजावी.

आता नक्षीकडे वळावे. आज दमास्कस म्हणून जे पोलाद मिळते, ते बहुतेक वेळा दोन वेगळ्या पोलादांचे थर भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून एकजीव केलेले असते. जुन्या दमास्कस तलवारी मात्र मुशीत वितळवून केलेल्या वूट्झ पोलादाच्या होत्या आणि त्यांच्यावरची जाळी पोलादाच्या अंतर्गत रचनेतून आपोआप उमटत असे. थरांच्या कामात १०९५ आणि १५एन२० या पोलादांची जोडी फार वापरली जाते. पहिल्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो, दुसऱ्यात सुमारे २ टक्के निकेल. तयार पाते फेरिक क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात बुडवले, की निकेल नसलेले थर खाल्ले जाऊन काळवंडतात आणि निकेलचे थर उजळ राहतात. त्यामुळे खऱ्या नक्षीला बहुधा नखाला जाणवेल असा किंचित उंचसखलपणा असतो. पृष्ठभागावर यंत्राने छापलेल्या खोट्या नक्षीत थर पोलादाच्या आत नसतात, म्हणून ती एका उतारावरून दुसऱ्या उतारावर जाताना, आणि विशेषतः परजेजवळच्या धार नसलेल्या कडेवर, तुटते किंवा नाहीशी होते. खरे थर त्या कडेवरही रेषांच्या रूपाने दिसतात. थरांची संख्या जितकी जास्त तितके काम उंची, हा समज मात्र सोडून द्यावा; थर फार वाढले, की ते इतके बारीक होतात की दुरून पाते नुसते करडे दिसते.

मूठ आणि परज यांची पारख सांध्यांवरून होते. पाते जिथे परजेत शिरते, तिथे प्रकाशाची फट किंवा भरलेल्या सोल्डरचा जाड ओघळ दिसू नये. मूठ दाबून, किंचित पिळून पाहावी. ती हलली किंवा आतून आवाज आला, तर जोडणी सैल आहे. खंजिरात पात्याचा दांडा बहुधा मुठीच्या आतून जातो आणि शेवटच्या गोळ्याला एकतर आट्यांनी आवळलेला असतो किंवा ठोकून पक्का केलेला असतो. कारागिराला यातली पद्धत कोणती, मूठ खोलता येते का, पोलाद नेमके कोणते, आणि पाणी दिल्यावर पात्याला पुन्हा मंद आच दिली का, हे अवश्य विचारावे. शोभेच्या वस्तूला पाणी कशाला, असे काहींचे म्हणणे असते, पण मऊ पाते लहानशा धक्क्यानेही वाकते. आणि पाणी दिले असेल, तर मंद आच अपरिहार्य आहे: १०९५सारखे पोलाद साधारण ८०० अंश सेल्सियसवरून तेलात विझवले, की ते काचेइतके ठिसूळ होते, आणि सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास ठेवल्याशिवाय त्याच्यातला ताण निवत नाही.

मूठ हस्तिदंताची आहे असे सांगितले गेले, तर कागदपत्रे मागावीत, कारण साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे आणि निरनिराळ्या देशांच्या कायद्यांमुळे हस्तिदंताच्या व्यापारावर कडक निर्बंध आहेत. दुधारी पात्याची मालकी आणि वाहतूक यांचे नियमही देशागणिक बदलतात, ते मागणी नोंदवण्यापूर्वी पाहावेत.

जपणुकीची सुरुवात स्पर्शापासून होते. घामातले क्षार पोलादावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने कायमचे उमटवू शकतात, म्हणून पात्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि झालाच तर मऊ सुती कापडाने लगेच पुसून काढावे. त्यानंतर खनिज तेलाचा किंवा जपानी तलवारींसाठी परंपरेने वापरतात त्या कॅमेलिया तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल ओघळण्याइतके लावले, तर त्यात धूळच बसते. काचेच्या कपाटात कायम मांडून ठेवायच्या खंजिराला मी तेलापेक्षा सूक्ष्मस्फटिकी मेण बरे समजतो. ब्रिटिश म्युझियममधल्या संवर्धनाच्या कामातून पुढे आलेले रेनेसान्स वॅक्स हे त्याचे परिचित उदाहरण. पातळ थर लावून, थोडा वेळ सुकू देऊन, कोरड्या कापडाने चकाकी आणावी.

खंजीर चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते आणि कमावताना वापरलेल्या रसायनांचे अंश पोलादाला खातात. पितळेवर तर हिरवट चिकट थर चढतो. म्यान शेजारी मांडावे, पाते बाहेर ठेवावे. कपाट ओक लाकडाचे असल्यास त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ धातूंना त्रास देते, आणि लोकरीच्या अस्तरातल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली, तर पोलाद, लाकूड आणि हाड या तिघांनाही ती सोसते. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण कपाट अगदी कोरडे पाडले, तर लाकडी आणि हाडाच्या मुठींना तडे जातात.

गंजाचा ठिपका दिसलाच, तर त्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी बांबूच्या काडीने हलकेच खरवडावा. साध्या, रेषा दिसणाऱ्या पॉलिशवर फार बारीक पोलादी लोकर चालते, मात्र ती त्या रेषांच्या दिशेनेच फिरवावी. आरशासारख्या पात्यावर किंवा दमास्कस नक्षीवर ती अजिबात लावू नये. पितळ उजळवण्याचे पॉलिशही नक्षीपासून दूर ठेवावे, कारण नक्षीचा काळेपणा हा अगदी पातळ थर असतो आणि एका उत्साही पुसण्यात तो निघून जातो. नक्षी फिकी पडलीच, तर ती पुन्हा आम्लात उठवण्याचे काम मूळ कारागिराकडेच द्यावे. त्यासाठी पाते मुठीपासून वेगळे करणे उत्तम, आणि मूठ कायमची चिकटवलेली असेल, तर परज व मूठ मेणाने झाकून फक्त पातेच द्रावणात बुडवावे लागते. त्यामुळे सांध्याजवळची नक्षी अर्धवट राहू शकते, हे त्याच्याशी आधीच बोलून घ्यावे.