लिब्रेऑफिस आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्यात फाइल फिरवण्याआधीची तयारी

एकाच दस्तऐवजावर एक जण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचात आणि दुसरा मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये काम करणार असेल, तर कामाला हात घालण्यापूर्वी तास-दीड तास तयारीसाठी राखून ठेवावा. समोरच्याकडे फाइल उघडेल का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. ती बहुतेक वेळा उघडतेच. ती तिकडे उघडून, बदलून, सेव्ह होऊन परत आली की आपण पाठवली होती तशीच राहिलेली असते का, हे पाहायचे असते, आणि पुढची सगळी तयारी या एका फेरीसाठी आहे.

सर्वांत आधी मूळ प्रत कोणत्या स्वरूपात राहील हे दोघांनी मिळून ठरवावे आणि काम संपेपर्यंत ते बदलू नये. लिब्रेऑफिसचे स्वतःचे स्वरूप असलेले ओडीएफ 2006 मध्ये आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानक झाले, तर ऑफिस 2007 सोबत आलेली डॉक्स (docx, वर्डच्या मजकुराचे) आणि एक्सएलएसएक्स (xlsx, एक्सेलच्या तक्त्यांचे) ही स्वरूपे 2008 मध्ये झाली. दोन्ही खुली आहेत, पण प्रत्येक प्रोग्रॅम परके स्वरूप उघडताना आधी ते आपल्या पद्धतीत उतरवून घेतो आणि सेव्ह करताना पुन्हा उलट उतरवतो, आणि या उतरवाउतरवीत बारीकसारीक गोष्टी गळतात. म्हणून आज ओडीटी (मजकुरासाठीचे ओडीएफ), उद्या डॉक्स, परवा पुन्हा ओडीटी असा प्रवास फाइलला कधीही घडवू नये. अंतिम प्रत डॉक्समध्येच मागितली जाणार असेल, तर पहिल्या दिवसापासून लिब्रेऑफिसमध्येही डॉक्समध्येच काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेव्ह करताना स्वरूपाविषयी विचारणारी चौकट येते, तिथे वर्डचे स्वरूप कायम ठेवावे. जुनी डॉक आणि एक्सएलएस ही स्वरूपे मात्र टाळावीत. एक्सएलएसमध्ये 65,536 ओळी आणि 256 स्तंभच मावतात, म्हणजे मोठा तक्ता त्यात सेव्ह केला तर उरलेला भाग कापला जातो.

त्यानंतर फॉन्ट, आणि इथे घाई करू नये. पानांची संख्या बदलणे, तक्त्यातला शेवटचा शब्द खालच्या ओळीत जाणे, शीर्षक एका पानावर आणि मजकूर दुसऱ्यावर पडणे, या तक्रारींच्या मुळाशी बहुधा समोरच्या संगणकावर नसलेला फॉन्ट असतो. कॅलिब्री आणि कँब्रिया यांच्या जागी अनुक्रमे कार्लिटो आणि कॅलाडिया वापरता येतात. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली असल्यामुळे ओळी त्याच जागी तुटतात. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू यांच्यासाठी लिबरेशन मालिकेतले तीन फॉन्ट हेच काम करतात. ते दोन्हीकडे बसवलेले आहेत का, हे नावानिशी तपासावे. राइटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, कर्सर मजकुरात ठेवल्यावर वरच्या पट्टीतले फॉन्टचे नाव तिरप्या अक्षरांत दिसले, तर तो फॉन्ट या संगणकावर नाही आणि दिसते आहे ते दुसऱ्याच फॉन्टमध्ये, असे समजावे.

देवनागरी मजकुराची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी स्वतः बराच त्रास सोसून शिकलो. डॉक्स फाइलमध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट व आकार वेगळा नोंदवलेला असतो आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. लिब्रेऑफिसमध्येही या दोन नोंदी स्वतंत्र आहेत. माझ्या एका अहवालात परिच्छेदाचा आकार 12 दिसत होता, पण मराठी मजकुराची नोंद 10 वरच राहिली होती, आणि परत आलेल्या प्रतीत इंग्रजी शब्द मोठे व मराठी बारीक असे चित्र दिसले. तेव्हापासून मी शैलीच्या (फॉन्ट, आकार, अंतर यांच्या नाव दिलेल्या ठरावीक मांडणीच्या) चौकटीत दोन्ही नोंदी एकसारख्या केल्याशिवाय फाइल पाठवत नाही. शक्य असेल तर फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करावा. ही सोय दोन्हीकडे आहे, मात्र फॉन्टच्या परवान्यात तशी मुभा हवी.

मजकुराची मांडणी शैलींनी केलेली असावी. शब्द सरकवण्यासाठी ओळीने दिलेल्या स्पेस आणि पान बदलण्यासाठी मारलेले दहा एंटर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हमखास विस्कटतात. राइटरमध्ये कंट्रोल-एफ10 दाबले की ही अदृश्य चिन्हे दिसू लागतात. ती पाहून आधी साफसफाई करावी. कागदाचा आकार ए4 आहे की लेटर, हेही दोन्हीकडे सारखे करून घ्यावे.

तक्त्यांच्या फाइलची तयारी अधिक काटेकोर हवी, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. एक्सेल 2007 किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल उघडताना लिब्रेऑफिस, सेटिंग बदलली नसेल तर, सूत्रांची पुन्हा आकडेमोड करत नाही, फाइलमध्ये साठवलेली उत्तरेच दाखवते. त्यामुळे आकडे जुळलेले दिसले म्हणजे सूत्रे चालतात असे होत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबून सगळी आकडेमोड नव्याने करवून घ्यावी आणि मगच एकूण बेरजा मूळ फाइलशी ताडून पाहाव्यात. एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट यांसारखी नवी फंक्शन्स कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये) 24.8 या आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून आली. समोरच्याकडे त्याआधीची आवृत्ती असेल, तर व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅचवर काम भागवावे. अगदी रुंद तक्ता असेल तरीही आवृत्ती विचारावी, कारण 7.4 च्या आधी कॅल्कमध्ये 1,024 स्तंभच असत. मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेले छोटे आज्ञासंच) असतील तर त्यांची नोंद करून ते कोणाच्या संगणकावर चालवायचे हे ठरवून टाकावे. व्हीबीए या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या मॅक्रो-भाषेत लिहिलेले काही मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालतात, पण त्या भरवशावर महत्त्वाचे काम सोडू नये.

सादरीकरणात स्मार्टआर्ट (पॉवरपॉइंटमधल्या तयार आकृत्या) आणि ॲनिमेशन कमीत कमी ठेवावे, एवढे पुरे.

एवढे झाल्यावर पाच-सहा पानांची एक नमुना फाइल तयार करावी आणि खऱ्या कामात येणारे सर्व काही तिच्यात घालावे: अनुक्रमणिका, तळटीप, तक्ता, चित्र, समासातला शेरा, नोंदवलेले बदल. पाठवण्याआधी तिची पीडीएफ काढून ठेवावी. समोरच्याने एक शब्द बदलून ती सेव्ह करून परत पाठवावी, आणि आलेल्या प्रतीची पीडीएफ पहिलीच्या शेजारी ठेवून पानागणिक पाहावी. फरक सापडेल ती गोष्ट खऱ्या फाइलमध्ये वेगळ्या रीतीने करावी. ज्यांना फक्त वाचायचे आहे त्यांना मूळ फाइल पाठवूच नये. त्यांच्यासाठी पीडीएफ काढावी, आणि पुढे कधी बदल लागतील असे वाटले तर लिब्रेऑफिसमधून संकरित पीडीएफ काढावी, जिच्या पोटात ओडीएफची मूळ फाइलही राहते. प्रत्येक फेरीची प्रत तारीख आणि क्रमांक घालून वेगळी ठेवावी व या क्षणी फाइल कोणाच्या हातात आहे हे दोघांना ठाऊक असावे.