बेसबॉल कारकिर्दीतल्या ट्रिपल्सची तुलना करताय? या चुका टाळा

ट्रिपल म्हणजे एकाच फटक्यावर फलंदाजाने तिसरा बेस गाठणं (पहिला गाठला तर सिंगल, दुसरा गाठला तर डबल). होजे रेयेसच्या नावावर 131 ट्रिपल, कार्ल क्रॉफर्डच्या नावावर 123. म्हणजे रेयेस सरस? पहिली गफलत इथेच होते. रेयेसला त्यासाठी 7552 अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) मिळाले, क्रॉफर्डला 6655. ट्रिपलला अ‍ॅट-बॅटने भागा आणि 600 ने गुणा (रोज खेळणाऱ्या फलंदाजाचा साधारण एक हंगाम). रेयेस 10.4 वर येतो, क्रॉफर्ड 11.1 वर. क्रम उलटला.

समकालीन म्हणजे नेमके कोण?
सर्वकालीन यादीत अव्वल आहे सॅम क्रॉफर्ड, 309 ट्रिपल. तो 1899 ते 1917 दरम्यान खेळला. तेव्हाचा चेंडू मऊ, मैदानं अवाढव्य; आज कुंपणापलीकडे जाऊन होमरन ठरणारा फटका तेव्हा मैदानातच घरंगळत राहायचा. एका हंगामातला 36 ट्रिपलचा चीफ विल्सनचा विक्रमही 1912 चाच. त्या यादीशेजारी रेयेसला उभं केलं की तो उगाच खुजा दिसतो. पदार्पणात चार-पाच वर्षांहून जास्त अंतर नसलेले आणि किमान 5000 अ‍ॅट-बॅट झालेलेच खेळाडू घ्या. 2002 ला पदार्पण केलेला कार्ल क्रॉफर्ड आणि 2003 चा रेयेस ही जोडी म्हणूनच जमते.

बेसचोरीवरून अंदाज बांधू नका
रिकी हेंडरसनने 1406 बेस चोरले (म्हणजे फटक्याविना धावत पुढचा बेस गाठला), ट्रिपल मात्र 66. स्टॅन म्युझियलने चोरले जेमतेम 78, ट्रिपल 177! पाय महत्त्वाचे, पण चेंडू कुठे जातो तेही तितकंच महत्त्वाचं. उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवरची फेक सर्वात लांब पडते, आणि तिथे जोरात ओढून मारणं डावखुऱ्याला सोपं. म्युझियल डावखुरा, हेंडरसन उजव्या बाजूने फलंदाजी करणारा.

एकच गुणोत्तर पुरत नाही
इचिरोचा दर 600 अ‍ॅट-बॅटमागे 5.8, जिमी रोलिन्सचा 7.4. म्हणून इचिरो पळायला मागे? आता ट्रिपलला डबल आणि ट्रिपल यांच्या बेरजेने भागून बघा. इचिरो: 96 भागिले 458, म्हणजे 21 टक्के. रोलिन्स: 115 भागिले 626, सुमारे 18 टक्के. इचिरोचे बहुतेक हिट सिंगल असायचे, त्यामुळे पहिला आकडा खाली येतो. पण चेंडू मोकळ्या जागेत गेला की तिसरा बेस गाठण्याचं त्याचं प्रमाण जास्त होतं. पहिल्या आकड्यात फटक्यांची जातही मिसळलेली असते, दुसरा पायांच्या जास्त जवळचा. दोन्ही शेजारी ठेवा.

मैदान आणि वय
कार्ल क्रॉफर्डच्या 123 पैकी 105 ट्रिपल टँपा बे संघाकडून खेळतानाचे, 2002 ते 2010 मधले. तिथल्या कृत्रिम गवतावर चेंडू सरपटत थेट कुंपणाकडे जातो. पण टँपा सोडलं तेव्हा तो तिशीला टेकला होता आणि ट्रिपल आटतात ते याच वयात. घसरण गवतामुळे की वयामुळे, हे एकूण बेरजेवरून सांगता येत नाही. घरचे-बाहेरचे आणि वयानुसारचे आकडे वेगळे काढल्याशिवाय मैदानाला श्रेय देऊ नका.

आकडा जुळत नसेल तर
जुन्या नोंदींत सॅम क्रॉफर्डचे 312 सापडतात, टाय कॉबचे 297. आता 309 आणि 295 धरतात. एकाच तक्त्यात दोन ठिकाणचे आकडे मिसळू नका.

सामन्यांच्या नोंदी स्वतः मोजत असाल तर आणखी दोन खाचखळगे आहेत. फलंदाज तिसऱ्या बेसवर पोहोचला, पण पुढच्या धावपटूला बाद करायला चेंडू होम प्लेटकडे (जिथे पोहोचल्यावर धाव मिळते) फेकला जात असताना त्याने तो बेस घेतला, तर अधिकृत स्कोअरर सहसा डबलच देतो. आणि घसरत तिसऱ्या बेसच्या पुढे जाऊन परतण्याआधी टॅग झाला (चेंडूचा स्पर्श होऊन बाद झाला), तरीही खात्यावर डबलच पडतो.