गेम डिझाइनचा कोर्स घेताय? पावती फाडण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी दोन-तीन पाहुणे ठरलेले. मी काही वर्षं पुण्यात गेम कंपनीत लेव्हल डिझाइनचं काम केलं आणि आता तेच काम घरी बसून करतो, एवढं गल्लीत माहीत आहे. त्यामुळे ज्याच्या घरात पोरगं 'गेमिंगमध्ये करिअर करतो' म्हणून हटून बसतं, तो चकचकीत माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे येतो.

यंदा आले ते उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेले काका. सोबत पोरगा.

"दिवसभर मोबाईलवर खेळत बसतंय. आता म्हणालंय, त्यातलाच कोर्स करतो. दोन लाख फी हाय. भरू का नको, तेवढं सांगा."

मी पोराला विचारलं, "तुला गेममध्ये नेमकं काय करायचंय?"

"गेम डिझाइन."

"म्हणजे?"

"म्हणजे... ग्राफिक्स वगैरे."

कोर्स निवडताना पोरं ज्या चुका करतात त्यातल्या बहुतेक या 'वगैरे'तून निघतात.

'गेम डिझाइन' म्हणजे ग्राफिक्स नव्हे

गेम तयार करण्यात निदान चार वेगळे धंदे आहेत. डिझायनर नियम ठरवतो: खेळाडूला काय करता येईल, काय नाही, कुठे अडेल, किती वेळा हरेल, कशासाठी परत येईल. त्याचा अर्धा दिवस एक्सेलमध्ये आणि कागदपत्रं लिहिण्यात जातो, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. प्रोग्रॅमर ते नियम कोडमध्ये उतरवतो. आर्टिस्ट पात्रं, इमारती, झाडं बनवतो. आवाजाचा माणूस वेगळा, चुका शोधणारा टेस्टर वेगळा. छोट्या कंपनीत एकच जण दोन-तीन टोप्या घालतो, पण नोकरीची जाहिरात निघते ती एकेका टोपीची.

मी हे सांगत होतो तर काकाच मध्ये म्हणाले, "म्हणजे फौंड्रीसारखंच की. पॅटर्न करणारा वेगळा, मोल्डिंगवाला वेगळा, मशिनवर उभा राहणारा वेगळा." पोराआधी बापाला कळलं.

मग डिझाइन म्हणजे नक्की काय? डबा ऐसपैस आठवा. राज्य असलेल्यानं लपलेल्यांना हुडकायचं, दिसला की डब्याजवळ येऊन नाव पुकारायचं. कुणी त्याच्याआधी पोहोचून डबा उडवला की पकडलेले सगळे सुटतात. खेळ झकास. पण राज्य असलेलं पोरगं हुशार निघालं तर ते डब्याला चिकटूनच उभं राहतं. कुणाला हुडकायलाच जात नाही, लपलेले बाहेर येत नाहीत, खेळ ठप्प. मग कुणीतरी ओरडतं, "चिकटायचं नाही! दहा पावलं लांब!" त्या एका नियमानं खेळ पुन्हा चालू होतो. कुठे अडलं ते ओळखणं, कमीत कमी बदल करून ते सोडवणं आणि बदलानं दुसरं काही बिघडलं नाही ना हे खेळून बघणं, याचा पगार डिझायनरला मिळतो. यात चित्र कुठेच आलं नाही.

हे ऐकून ज्याचे डोळे चमकतात त्यानं डिझाइनकडे जावं. ज्याला त्या गल्लीचं चित्र काढावंसं वाटतं त्यानं आर्टकडे. दोघांना एकाच कोर्सला घालणं म्हणजे दोघांचेही पैसे पाण्यात.

पाटी एकाची, माल दुसऱ्याचा

ही चूक मी स्वतः केली आहे. बाहेरगावच्या एका संस्थेत वर्षभराचा कोर्स घेतला. पाटीवर 'अॅनिमेशन अँड गेमिंग'. वर्षातले दहा महिने चालणारा माणूस, उडी मारणारा चेंडू आणि झेंडा फडकवण्यात गेले. गेमिंग आलं ते शेवटच्या सहा आठवड्यांत, आणि शिकवायला कोण? आमच्याच आधीच्या बॅचमधला मुलगा. बिचारा रात्री व्हिडिओ बघायचा आणि सकाळी तेच आम्हाला सांगायचा. कोर्स संपला तेव्हा माझ्याकडे एक सर्टिफिकेट होतं आणि खेळता येईल अशी एकही गोष्ट नव्हती.

म्हणून आता मी क्लासच्या काउन्सेलरला तीन गोष्टी विचारायला सांगतो. आठवड्यागणिक वेळापत्रक दाखवा. शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणता गेम पूर्ण करून बाजारात आणला, तो दाखवा. आणि गेल्या बॅचच्या पोरांनी केलेले गेम मला आत्ता इथेच खेळू द्या. तिसऱ्या मागणीला बऱ्याच ठिकाणी चहा येतो, गेम येत नाही. तिथून उठावं.

गेम खेळायला मिळालेच, तर आणखी एक बघा. दहा पोरांचे दहा गेम आणि दहाही ठिकाणी तोच राखाडी पुतळा, तेच आकाश, तीच बंदूक? मग ते इंजिनासोबत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरसोबत, फुकट मिळणारं तयार टेम्प्लेट आहे. पोरांनी फक्त भिंती हलवल्या आहेत. नोकरीच्या मुलाखतीत असले प्रोजेक्ट समोरचा पाच सेकंदांत ओळखतो आणि एकच प्रश्न विचारतो, "यात तू काय केलंस?"

सॉफ्टवेअरच्या यादीला भुलू नका

'युनिटी, अनरियल, माया, ब्लेंडर, झेडब्रश, फोटोशॉप, सगळं सहा महिन्यांत!' लग्नातल्या जेवणाच्या यादीसारखं वाचायला छान, पण पोट एकच असतं. यातली युनिटी आणि अनरियल ही इंजिनं, बाकीची चित्रांची साधनं. युनिटीत कोड लिहायचा तो सी शार्पमध्ये. अनरियलमध्ये सी प्लस प्लस, किंवा ठोकळे जोडून चालणारं ब्लूप्रिंट. गोडो हे फुकट आणि मुक्त इंजिन, त्याची स्वतःची जीडीस्क्रिप्ट नावाची सोपी भाषा आहे. सुरुवातीला यातलं एकच पकडा आणि त्यात एक छोटा गेम शेवटपर्यंत न्या.

इंजिन बदलावं लागतंच. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल त्यावर पैसे आकारायचं जाहीर केलं आणि जगभर गोंधळ उडाला. अनेकांनी गोडोची वाट धरली. वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीनं तो निर्णय मागे घेतला. त्या वर्षात ज्यांना फक्त युनिटीची बटणं पाठ होती त्यांची तारांबळ उडाली. व्हेक्टर म्हणजे काय, लूप कसा चालतो, खेळाडू कुठे कंटाळतो हे ज्यांना कळत होतं ते महिनाभरात नव्या ठिकाणी रुळले.

लॅपटॉपवरूनही घरात भांडणं होतात. साधा टू-डी गेम गोडोमध्ये साध्या लॅपटॉपवर होतो. अनरियलसाठी मात्र ग्राफिक कार्डाचं महागडं मशिन लागतं. पहिल्या वर्षी ते घेऊ नका.

'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'

यातला शेवटचा शब्द मोठ्यानं वाचा. असिस्टन्स म्हणजे मदत, नोकरी नव्हे. चार ईमेल पुढे ढकलले तरी मदत झालीच. भिंतीवरचे फोटो बघून पाघळू नका. त्या पोरांचं पद काय, वर्ष कोणतं, कंपनी कोणती, ते विचारा आणि त्यातल्या दोघांशी स्वतः बोला. फोटोतला मुलगा भलत्याच कामाला लागलेला असू शकतो.

कंपनी काय करते हेही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर देशभर बंदी आली. रमी, फँटसी असल्या कंपन्यांनी मग माणसं कमी केली. तुमच्या माहितीपत्रकावर अजून त्याच कंपन्यांची चिन्हं झळकत असतील तर ते जुनं छापलेलं आहे.

आणि हे सरळच सांगतो, कोल्हापुरात राहून या क्षेत्रातली पहिली नोकरी मिळणं अजून अवघड आहे. जवळचं मोठं ठिकाण पुणं. तिथे युबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, सुपरगेमिंग आहे, आणि २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढणारी नॉडिंग हेड्सही तिथलीच. त्यापुढे हैदराबाद, बंगळूर. म्हणजे फीच्या हिशोबात पुण्यातली खोली आणि मेसही धरा.

कागदाची किंमत

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरचा क्लास 'डिग्री कोर्स' म्हणत असेल तर पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे यूजीसीच्या वेबसाइटवर जाऊन ताडून बघा. गेम कंपन्या पदवीपेक्षा काम बघतात हे खरं. पण उद्या परदेशी जायचं झालं, पुढे शिकायचं झालं किंवा हे क्षेत्रच नको वाटलं, तर पदवी लागते.

माझं मत विचाराल तर बारावीनंतर लगेच दोन लाखांचा डिप्लोमा नकोच. कोड आवडत असेल तर इथेच कॉम्प्युटरची पदवी करा. चित्र आवडत असेल तर कोल्हापूरला चित्रकलेची परंपरा काही कमी नाही, कलामहाविद्यालयात जा. सोबत तीन वर्षं गेम करत राहा. मग हातात पदवीही असते आणि पाच-सहा गेमही. त्यानंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनमध्ये मास्टर्स करता येतं, त्याची प्रवेश परीक्षा द्या. हे मत सगळ्यांना पटत नाही, क्लासवाल्यांना तर अजिबात नाही.

ईएमआयचा फास

'आत्ता काही भरू नका, महिन्याला फक्त आठ हजार.' सही करण्याआधी कागद कुणाचा आहे ते वाचा. बऱ्याचदा तो क्लासचा नसतो, फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. कंपनी सगळी फी क्लासला आधीच देऊन टाकते. दोन महिन्यांत शिकवणं भिकार आहे हे कळून तुम्ही सोडलंत, तरी हप्ता सुटत नाही. थकला तर बापाचा सिबिल स्कोर खाली येतो, आणि वर्कशॉपसाठी मशिन घ्यायच्या वेळी बँक तोंड फिरवते. फी परत देण्याचा नियम लेखी मागा. तोंडी 'बघू की' चालणार नाही.

हे ऐकल्यावर काकांनी माहितीपत्रकाची घडी घातली.

आधीच फी भरून बसला असाल तर

सर नुसते व्हिडिओ लावतात, अशी तक्रार असेल तर भांडत बसण्यात वर्ष घालवू नका. वर्गातले तीन-चार जण जमवा आणि गेम जॅमला बसा. ४८ तासांत दिलेल्या विषयावर गेम करायचा, असा हा प्रकार. ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीच्या सुमाराला होतो, आणि इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर तर जवळजवळ रोज कुठला ना कुठला जॅम चालू असतो. सहा महिन्यांच्या क्लासपेक्षा एका शनिवार-रविवारात जास्त शिकलेली पोरं मी पाहिली आहेत.

गेम पूर्णच होत नसेल तर तो मोठा आहे. कापा. एक खोली, एक शत्रू, एक बटण. कोल्हापूरचं अख्खं शहर उभं करून त्यात गाड्या पळवायचं स्वप्न प्रत्येकाला पडतं. आधी रंकाळ्याचा एक कठडा करा.

त्या कठड्यावरून उडी मारताना 'मी तर बटण दाबलं होतं!' असं खेळणारा म्हणत असेल, तर चूक त्याची नाही. कठड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही साधारण दशांश सेकंद उडी मारायची मुभा द्या. कोडमध्ये एक छोटा टायमर, चार ओळी. खेळणाऱ्याला फरक दिसत नाही, पण तो शिव्या द्यायचा थांबतो. मोठमोठ्या गेममध्ये ही लबाडी असते.

नोकरीच्या अर्जांना उत्तर येत नसेल तर पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या कामाचे नमुने, उघडा आणि घड्याळ लावा. पहिल्या तीस सेकंदांत गेम चालताना दिसला पाहिजे. संस्थेचा लोगो फिरत येतोय, मग तुमचं नाव उगवतंय, मग संगीत, तोवर बघणारा पुढच्या अर्जावर गेलेला असतो. ब्राउझरमध्ये लगेच खेळता येईल अशी लिंक द्या आणि खाली दोन ओळींत लिहा, यातलं मी काय केलं.

गेम प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणीही करून घ्यावी लागते. इथे कोल्हापूरकराचं काम सोपं. मंडळात बारा पोरं एका हाकेवर मिळतात, आणि तोंडावर खरं बोलतात.

काकांच्या पोराला मी तीन आठवडे दिले होते. फी भरायची नाही, घरच्या जुन्या लॅपटॉपवर गोडो टाकायचं आणि एक खोली करून आणायची, बाहेर पडायला एक दरवाजा. मागच्या रविवारी बाप-लेक परत आले. खोली ओबडधोबड होती, पण चालत होती. मी लॅपटॉप काकांच्या पुढे सरकवला. काका भिंतीला धडकत राहिले. पोरगं लगेच बोलायला लागलं, "अहो बाबा, तिकडं डावीकडं..." मी त्याला गप्प बसवलं. हातात वही दिली आणि म्हटलं, ते कुठे अडतात तेवढं लिही.

चार मिनिटं लागली. दरवाजा सापडल्यावर काका म्हणाले, "अरे, दार आणि भिंत एकाच रंगाची केलीयास. कुणाला दिसणार?"

पोरानं ते लिहून घेतलं. पुढच्या रविवारी दुसरी खोली आणतो म्हणालाय. माहितीपत्रक अजून माझ्याच टेबलावर पडलंय, न्यायचं विसरले.