घरची भाषा : मराठी

नाशिकहून न्यू जर्सीला आलो तेव्हा मुलगा दुसरीत होता. शाळेत नाव घालताना एक फॉर्म पुढे आला : घरी कुठली भाषा बोलता? शेजारच्या ताईंनी आधीच बजावलं होतं, "इंग्लिश लिही गं, नाहीतर पोराला ईएसएलमध्ये टाकतील." ईएसएल म्हणजे इंग्रजी घरची भाषा नसलेल्या मुलांसाठी इंग्रजीची जादा शिकवणी. मी मराठी लिहिलं. खोटं लिहायचा धीर झाला नाही, एवढंच. चाचणी झाली आणि तो इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या यादीत गेला. त्या रात्री जेवताना आम्ही दोघंही गप्प.

ती 'ढ' मुलांची यादी नव्हे, हे कळायला मला वर्ष लागलं. १९७४ साली लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाबतीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाषाच कळत नसेल तर सगळ्यांना तीच पुस्तकं देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. ही जादा मदत त्यातूनच आलेली. फुकटची शिकवणी आहे, घ्या.

पहिले तीन महिने पोरगं वर्गात तोंड उघडेना. घाबरून शोधत बसले तेव्हा 'कोलोरीन कोलोराडो' ही साइट सापडली. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूईटीए या सार्वजनिक वाहिनीची. शिक्षक आणि पालक दोघांसाठी, बराचसा मजकूर इंग्रजी नि स्पॅनिशमध्ये. नवीन मुलं काही काळ नुसती ऐकतात, हे तिथेच वाचलं आणि जीव भांड्यात पडला. स्पॅनिश गोष्टी ज्या शब्दांनी संपतात तेच या साइटचं नाव. आपल्या 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी'सारखंच की!

गोष्टींसाठी मात्र आमचा खरा आधार प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर'. फुकट आहे, आणि तीच गोष्ट अनेकदा मराठीतही असते नि इंग्रजीतही. आधी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत. गोष्ट आधीच ठाऊक असली की नवे शब्द अंगावर येत नाहीत. 'स्टोरीलाइन ऑनलाइन'वर नट-नट्या चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतात. उच्चारांसाठी तेही छान. बाकी ॲप्सचा ढीग मी महिन्याभरात काढून टाकला.

शाळेची पत्रं मशीनने भाषांतरित करून वाचताना जपून. 'स्पिरिट वीक'चा, म्हणजे शाळेच्या उत्साहाच्या, मौजेच्या आठवड्याचा, 'आत्मा सप्ताह' झाला होता, आणि मला तर टाळ-मृदंगच ऐकू आले. पालकसभेला दुभाषा मागा. आम्ही मागितला, फोनवरून मिळाला.

बाईंनाही आपणच काही सांगावं लागतं. मुलगा 'ए' आणि 'द' गाळायचा, कॅपिटल अक्षरं विसरायचा, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच उच्चारायचा. त्यांना वाटलं निष्काळजीपणा. मी एका कागदावर लिहून दिलं : मराठीत ही उपपदं नाहीत, देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, दोन्हींना आमचा एकच 'व', आणि क्रियापद येतं शेवटी. तो कागद त्यांनी जपून ठेवला.

यादीतल्या मुलांची दरवर्षी 'विडा' (WIDA) या संस्थेची ॲक्सेस ही इंग्रजीची परीक्षा होते : ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. गुण १ ते ६. विडाच्या साइटवर कुठल्या पातळीचं मूल काय करू शकतं याचे तक्ते आहेत. निकालाच्या कागदाशेजारी ठेवून वाचा. आमच्याकडे ऐकण्याची गाडी सुसाट आणि लिहिण्याची मालगाडी. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, बहुतेकांचं असंच असतं.

(सगळ्याच राज्यांत ही परीक्षा नाही, कॅलिफोर्नियात वेगळी आहे.)

तिसऱ्या वर्षी तो यादीतून बाहेर पडला. त्यानंतरही निदान दोन वर्षं शाळा लक्ष ठेवते. तशी पत्रं घरी आली तर दचकू नका.