नवख्या यष्टिरक्षकावर डाव लावायचा का? क्लबच्या निवड बैठकीत हा वाद कसा चालवावा

कांगा लीगचा, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी क्लब स्पर्धेचा, हंगाम तोंडावर आला की मुंबईतल्या अनेक क्लबांच्या निवड समित्यांत एक वाद हमखास उभा राहतो. पस्तिशी ओलांडलेला, हात सुरक्षित पण फलंदाजीत थकलेला यष्टिरक्षक आणखी एक वर्ष ठेवायचा, की शालेय आणि कॉलेजच्या सामन्यांत चमकलेल्या, पण मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये अजून कस न लागलेल्या मुलाच्या हाती ग्लोव्ह्ज द्यायचे? नवा फलंदाज सातव्या क्रमांकावर उतरवता येतो आणि नव्या गोलंदाजाला तीन षटकांनंतर सीमारेषेवर पाठवता येते, पण यष्टिरक्षकाला लपवायला मैदानावर जागा नाही. संघात त्याची जागा एकच असते आणि प्रत्येक चेंडूला त्याचे काम असते. त्यामुळे हा निर्णय इतर कोणत्याही निवडीपेक्षा जास्त जोखमीचा ठरतो आणि बैठकही जास्त तापते. पुढची मांडणी अशा बैठकीत बसणाऱ्या चिटणीस, कर्णधार आणि प्रशिक्षकांसाठी आहे.

सर्वप्रथम प्रश्न नीट मांडून घ्यावा. ‘मुलगा चांगला आहे का?’ या प्रश्नावर वेळ घालवू नये, कारण तो चांगला नसता तर त्याचे नाव बैठकीपर्यंत पोहोचलेच नसते. विचारायचे ते हे, की तो अपयशी ठरला तर क्लबचे नेमके किती नुकसान होईल, ते सोसण्याची आपली तयारी आहे का आणि असल्यास किती सामने. गटातून खाली घसरण्याचा धोका असलेल्या संघाला एका सुटलेल्या झेलाची किंमत वेगळी पडते आणि गुणतक्त्याच्या मध्यावर निवांत असलेल्या संघाला वेगळी. क्लब यंदा कोणत्या परिस्थितीत आहे हे अध्यक्षांनी बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, म्हणजे निम्मा वाद तिथेच मिटतो.

मग येतो पुराव्याचा भाग. मुलाच्या बाजूने बोलणारे बहुधा त्याच्या शालेय धावांचा पाढा वाचतात. मुंबईला अशा आकड्यांचे वेड जुने आहे आणि त्यात गैर काहीच नाही. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची भागीदारी किंवा त्याच स्पर्धेत २०१३ साली पृथ्वी शॉने काढलेल्या ५४६ धावा यांनी त्या मुलांच्या गुणवत्तेविषयी खरेच सांगितले होते. मात्र या तिघांच्या कारकिर्दी पुढे किती वेगवेगळ्या वाटांनी गेल्या, हे त्या आकड्यांतून कुणालाही वाचता आले नसते. यष्टिरक्षकाच्या बाबतीत तर अडचण दुहेरी आहे. त्याच्या धावा स्कोअरबुकात असतात, पण त्याच्या मुख्य कामाची तिथे जवळजवळ नोंदच नसते.

स्कोअरबुकात झेल आणि यष्टिचीत यांच्यापुढे त्याचे नाव येते आणि बायच्या, म्हणजे चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता मिळालेल्या धावांच्या, रकान्यात रेघा पडतात. सुटलेला झेल किंवा हुकलेले यष्टिचीत यांना रकानाच नाही. ज्या फलंदाजाला बारा धावांवर जीवदान मिळाले आणि ज्याने पुढे ऐंशी केल्या, त्याच्या ऐंशी धावा गोलंदाजांच्या नावावर चढतात आणि यष्टिरक्षकाची पाटी कोरी राहते. बायचा आकडाही पावसाळ्यात फसवा असतो. कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यातच, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. ऑगस्टमध्ये मैदानावर गवत घोट्यापर्यंत वाढलेले असते आणि यष्टिरक्षकाला चकवून गेलेला चेंडू दहा-पंधरा यार्डांत चिखलात रुतून बसतो. एरवी जिथे चार बाय गेल्या असत्या, तिथे एक जाते किंवा एकही जात नाही. म्हणून ‘गेल्या वर्षी आमच्या कीपरने बाय दिल्याच नाहीत’ असे कुणी छातीठोकपणे सांगितले, तर त्याला सामना कोणत्या महिन्यात आणि कोणत्या मैदानावर झाला होता, हे शांतपणे विचारावे.

यावर उपाय सोपा आहे. दोन्ही उमेदवारांच्या पुढच्या काही सामन्यांत, मग ते सरावाचे का असेनात, स्कोअररला समासात तीन खुणा करायला सांगाव्यात: सुटलेली संधी, धड न पकडता अंगाने अडवलेला चेंडू आणि लेग साइडला घेतलेला स्वच्छ चेंडू. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षे बसणारे जुने स्कोअरर हे काम इतके चोख करतात की निवड समितीतल्या निम्म्या लोकांपेक्षा त्यांच्या मताला मी जास्त वजन देईन. या नोंदी हाती असतील तर बैठकीत ‘मला वाटते’ची जागा ‘कागदावर दिसते’ हे शब्द घेतात.

चाचणी कशी घ्यावी, यावर थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण बहुतेक क्लब इथेच आळस करतात. सिमेंटच्या विकेटवर मॅट टाकून, मध्यमगती गोलंदाजापुढे मुलाला मागे उभे करून घेतलेली चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिथे उसळी एकसारखी असते आणि चेंडू येणार कुठे हे दोन चेंडूंनंतर कुणालाही कळते. त्याला ओलसर, नुकत्याच उघडीप मिळालेल्या खेळपट्टीवर यष्टींना खेटून उभे करावे. अशी खेळपट्टी वाळू लागली की चेंडू थांबून येतो, एक सपकन खाली राहतो आणि पुढचा छातीवर उसळतो. समोर असा फलंदाज ठेवावा जो मुद्दाम बॅट फिरवून चेंडू सोडेल, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू मुलाच्या नजरेआड जाईल. क्लबचा मुख्य फिरकी गोलंदाज किमान आठ-दहा षटके टाकेल असे पाहावे.

पाहायचे काय? किती चेंडू हातात बसले हे मोजण्याआधी तो उठतो कधी हे पाहावे. कच्चा यष्टिरक्षक चेंडूचा टप्पा पडण्याआधीच गुडघ्यांतून सरळ होतो, त्यामुळे खाली राहिलेला चेंडू त्याच्या ग्लोव्ह्जखालून निघून जातो. तयार हाताचा यष्टिरक्षक टप्प्यानंतर, चेंडूच्या उसळीबरोबर वर येतो. दुसरी खूण पायांची. लेग साइडचा चेंडू घेताना तो आधी पाय हलवतो की नुसतेच हात लांबवतो? पाय न हलवणाऱ्याला सरावात चेंडू सापडतो, पण सामन्यात तिथेच यष्टिचीत हुकते. तिसरी खूण शेवटच्या दोन षटकांत दिसते. मांड्या भरून आल्यावर बसण्याची खोली कमी होते आणि चूक सुरू होते ती तिथून. सतरा वर्षांच्या मुलाचे हात प्रौढांपेक्षा चपळ असू शकतात, पण दिवसभर उठबस करण्याची ताकद पायांत यायला काळ लागतो, आणि ही तफावत दहा मिनिटांच्या चाचणीत दिसत नाही.

चाचणीनंतर त्या फिरकी गोलंदाजाला एकट्याला बाजूला घेऊन विचारावे. यष्टिरक्षकावर विश्वास नसला की गोलंदाज नकळत चेंडू आखूड टाकू लागतो आणि लेग स्टंपबाहेर जाण्याचे टाळतो. म्हणजे एका निवडीमुळे दोन माणसांचा खेळ बदलतो. मात्र हा प्रश्न भर बैठकीत विचारू नये, कारण ज्येष्ठ यष्टिरक्षक गोलंदाजाचा जुना मित्र असेल तर भिडेपोटी मिळालेले उत्तर काहीच कामाचे नसते.

बैठकीत कुणीतरी जुने दाखले काढणारच. दाखला चालेल, पण त्यामागची परिस्थिती सांगितल्याशिवाय तो ऐकून घेऊ नये. पार्थिव पटेलने २००२ साली ट्रेंट ब्रिजवर कसोटी पदार्पण केले तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिल्या डावात शून्यावर बाद झाल्यावर दुसऱ्या डावात त्याने तासाहून अधिक काळ खिंड लढवून सामना वाचवायला हातभार लावला. हा दाखला नवख्याच्या बाजूने जोरदार आहे, पण त्याला संधी मिळाली ती यष्टिरक्षक अजय रात्राला दुखापत झाल्याने, हेही सोबत सांगायला हवे. शिवाय पुढे त्याची जागा गेली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आपल्या वानखेडेवर दिनेश कार्तिकने पदार्पण केले. उलट बाजूने मुंबईच्याच समीर दिघेचे नाव घ्यावे. देशांतर्गत क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे मुरलेला हा यष्टिरक्षक मार्च २००१ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि १५५ धावांच्या पाठलागात गडी पटापट बाद होत असताना नाबाद २२ धावा काढून विजयापर्यंत टिकला. दोन्ही दाखले खरे आहेत, म्हणूनच एकट्या दाखल्यावर निर्णय घेता येत नाही. आपल्या क्लबची गरज यांपैकी कोणत्या परिस्थितीशी जास्त जुळते, एवढेच त्यांतून शोधावे.

वशिल्याचा विषय निघाला तर तो टाळू नये. मुलगा समितीतल्या कुणाचा भाचा, पुतण्या किंवा अकादमीतला शिष्य असेल, तर त्या सदस्याने आपले मत सांगून मतदानापुरते बाहेर बसावे. सुनील गावसकर दोन हंगाम मुंबईच्या रणजी संघाबरोबर असूनही सामन्याविना राहिले, आणि १९६८-६९ मध्ये संधी मिळून शून्यावर बाद झाल्यावर, मामा माधव मंत्री निवड समितीत असल्याने जागा मिळाली, असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. पुढच्याच सामन्यात त्यांनी राजस्थानविरुद्ध शतक काढले, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण प्रत्येक मुलाला दुसरा सामना मिळतोच असे नाही, आणि आपल्या समितीच्या ढिसाळपणामुळे एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाने ते टोमणे का सोसावेत?

ज्या मुद्द्यावर मी सर्वाधिक आग्रही आहे, तो संधींच्या संख्येचा. नवख्याला घ्यायचे ठरले तर त्याला किती सामने द्यायचे हे पहिला सामना होण्यापूर्वी ठरवावे आणि इतिवृत्तात आकड्यासह लिहून घ्यावे. धोनीच्या पहिल्या चार एकदिवसीय सामन्यांत मिळून २२ धावा झाल्या होत्या आणि पदार्पणात तो शून्यावर धावबाद झाला होता. पाचव्या सामन्यात, एप्रिल २००५ मध्ये विशाखापट्टणमला, त्याने पाकिस्तानविरुद्ध १४८ केल्या. चौथ्या सामन्यानंतर आपल्या समितीची बैठक झाली असती तर तिने काय ठरवले असते, हे प्रत्येकाने मनाशी प्रामाणिकपणे विचारावे. कांगा लीगमध्ये पावसामुळे काही रविवार वाहून जातात, म्हणून ‘चार आठवडे’ असे न लिहिता ‘प्रत्यक्ष खेळले गेलेले चार सामने’ असे लिहावे. त्या मुदतीत केवळ दुखापत किंवा बेशिस्त याच कारणांनी बदल होईल, हेही नमूद करावे. एक झेल सुटल्यावर समितीतलाच कुणीतरी सीमारेषेवरून ‘मी सांगितले होते’ म्हणू लागला, तर मुलगा पुढचा झेल बघण्याऐवजी त्या माणसाकडे बघतो.

दुसरी फळी तयार ठेवण्याचे काम बहुतेक समित्या विसरतात. नवखा खेळवायचा असेल तर अकरांत असा एखादा फलंदाज असावा, जो गरज पडल्यास ग्लोव्ह्ज घालू शकेल. २०१७ च्या नियमावलीनुसार पंचांची संमती असेल तर बदली खेळाडूही यष्टिरक्षण करू शकतो, पण ती सोय दुखापत-आजारपणासाठी आहे. मुलाचे हात थरथरू लागले म्हणून ती वापरता येत नाही.

चर्चा चालवताना एक पद्धत उपयोगी पडते. मुलाच्या बाजूने ठाम असलेल्या सदस्यालाच पाच मिनिटे त्याच्याविरुद्ध बोलायला सांगावे आणि ज्येष्ठाच्या पाठीराख्याला मुलाच्या बाजूने. पहिल्यांदा सगळे हसतात, मग कागदाकडे बघू लागतात. कर्णधाराचे मत शेवटी घ्यावे, कारण ते आधी आले की तरुण सदस्य तोंड उघडत नाहीत. मते समसमान पडल्यास कर्णधाराचा शब्द मानावा. मैदानावर त्या यष्टिरक्षकाबरोबर दिवस काढायचा असतो तो त्याला, आपल्याला नव्हे.

निर्णय झाल्यावर, यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्यापूर्वी, ज्याची जागा जाते आहे त्या ज्येष्ठ यष्टिरक्षकाला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा आणि शक्य असेल तर भेटावे. त्याने मुलाबरोबर सरावाला उभे राहावे अशी विनंतीही तेव्हाच करावी. गटावर यादी वाचल्यानंतर केलेली विनंती कुणी मान्य करत नाही. मुलाच्या घरीही एक फोन जायला हवा, कारण बारावीच्या क्लासची वेळ आणि रविवारचा सामना यांचा मेळ घालण्याचे काम बहुधा आईच करत असते, आणि डोंबिवलीहून किंवा विरारहून किट घेऊन सकाळी चर्चगेटला किंवा सीएसएमटीला पोहोचायचे तर पहिल्या गाड्या पकडाव्या लागतात.