अ‍ॅक्सोलॉटल नर की मादी? आणि नकळत अंडी पडली तर

गोदा आणि कृष्णा ही आमच्या दोन अ‍ॅक्सोलॉटलची नावं. अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, कल्ले बाहेर असलेला उभयचर प्राणी. त्या 2023 च्या ऑगस्टमध्ये आमच्या धायरीच्या घरी आल्या, तेव्हा दोघी जेमतेम आठ सेंटीमीटरच्या होत्या. विकणाऱ्याने "दोन्ही माद्याच आहेत, निर्धास्त राहा" असं सांगितलं. आठ सेंटीमीटरच्या अ‍ॅक्सोलॉटलकडे नुसतं बघून नर-मादी कुणालाही सांगता येत नाही. तरी मी ते खरं धरलं, आणि 2025 च्या जानेवारीत एका सकाळी टँकमधल्या झाडांवर, दगडांवर, फिल्टरच्या नळीवर मिळून साडेतीनशेच्या आसपास अंडी होती. गोदा नर निघाला. नाव मात्र तेच राहिलं.

त्यानंतर ओळखीच्या चार-पाच जणांनी मला फोटो पाठवून "हा नर आहे का मादी?" असं विचारलं. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी वय आणि लांबी बघा

साधारण 18 सेंटीमीटर लांबी होईपर्यंत थांबा. चांगलं खाणं आणि थंड पाणी मिळालं तर आठ ते बारा महिन्यांत प्राणी वयात येतो, पण दीड वर्षापर्यंत काहीच न दाखवणारे नरही असतात. पांढऱ्या रंगाच्या अ‍ॅक्सोलॉटलची बोटांची टोकं तपकिरी-काळी पडू लागली की तो वयात आला असं समजा. ही खूण नर-मादी दोघांतही दिसते, त्यामुळे तिच्यावरून लिंग कळत नाही. आता बघायला सुरुवात करायची, एवढंच कळतं.

बघायची जागा एकच आहे: मागच्या पायांच्या लगेच मागे, शेपटीच्या मुळाशी असलेलं अवस्कर. शी आणि अंडी दोन्ही तिथूनच बाहेर येतात. वयात आलेल्या नराचा हा भाग दोन्ही बाजूंनी ठळक फुगतो आणि पुष्कळदा वरून बघतानासुद्धा पायांच्या मागे दोन गोल उंचवटे दिसतात. मादीचा तो भाग सपाट किंवा अगदी किंचित उठलेला असतो. तिचं पोट मात्र अंड्यांनी भरलं की वरून बघताना मधोमध रुंद, गोलसर दिसतं.

जाळीने उचलून हातात धरून बघू नका. कातडी नाजूक असते, बाहेर आलेले कल्ले जाळीत अडकतात. मी पोहे ठेवायचा पारदर्शक चौकोनी डबा टँकमध्येच बुडवते, प्राण्याला हळूच त्यात वळवते आणि पाण्यासकट डबा बाहेर काढते. मग एक फोटो वरून, एक बाजूने आणि घरातल्या कुणाला तरी डबा धरायला सांगून एक खालून. दोन मिनिटांत काम होतं. फोटोवर तारीख टाका आणि महिन्याने पुन्हा काढा. एका फोटोतून जे कळत नाही ते तीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं.

बद्धकोष्ठाने पोट आणि मागचा भाग फुगू शकतो, म्हणून शी होऊन गेल्यावर बघा. डोकं रुंद की निमुळतं, कल्ले झुपकेदार की विरळ, स्वभाव शांत की आगाऊ यावरून लोक लिंग सांगतात. त्यावर भिस्त ठेवू नका. कल्ले तर पाण्याच्या तापमानानुसार आणि पाण्यातल्या प्राणवायूनुसार बदलतात.

आता माझी चूक. गोदा साधारण वर्षाचा असताना मी नीट तपासलं होतं. फुगवटा नव्हता. वहीत "मादी" लिहिलं आणि नंतर बघणंच सोडून दिलं. फुगवटा स्पष्ट दिसला तर नर हे नक्की, पण तो नसेल तर मादीच आहे असं म्हणता येत नाही. उशिरा वयात येणारा नर तोवर अगदी मादीसारखाच दिसतो. मादीची खात्री देणारी खूण म्हणजे अंडी, किंवा निदान अंड्यांनी गोल झालेलं पोट. म्हणून दीड वर्ष पूर्ण होईपर्यंत वहीत "मादी" हा शब्द लिहूच नका, "अजून माहीत नाही" लिहा.

जनुकीय चाचणीने खात्री करता येते. कोंबड्यांप्रमाणेच इथे मादीकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, आणि फक्त मादीत असलेल्या गुणसूत्राचा तुकडा प्रयोगशाळेत शोधता येतो. घरी पाळणाऱ्याला याची गरज पडत नाही. फोटो आणि धीर पुरतो.

संशय आला की टँक वेगळे

एक जरी नक्की नर असेल आणि दुसऱ्याची खात्री नसेल, तर त्या दिवशीच वेगळं करा. मधे जाळीची भिंत घालून भागेल असं वाटतं, पण ती सरकते आणि प्राणी कडेने घुसतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये पाणी 16 ते 18 अंशांवर ठेवायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच. एका चिलरवर दोन टँक जोडता येतात, तसं करा.

समागमाला निमित्त लागतं ते थंडाव्याचं. आमच्याकडे जानेवारीतल्या रात्री पाणी 15 अंशांपर्यंत उतरलं होतं, आणि त्याच आठवड्यात मी एकदम निम्मं पाणी बदललं होतं. नर तळावर जेलीचे छोटे सुळके चिकटवत जातो, टोकाला पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे शुक्राणू. मादी त्यावरून चालत जाऊन ते अवस्कराने आत घेते. काही तासांपासून दोन-तीन दिवसांत अंडी पडू लागतात. तळावर असे सुळके दिसले तर अंड्यांची वाट न बघता लगेच दोघांना वेगळं करा आणि सुळके काढून टाका. तरीही अंडी पडू शकतात. एका वेळी शंभरापासून हजारापर्यंतही पडतात.

पहिले तीन दिवस

अंडी दिसली की निर्णय लांबणीवर टाकू नका. या सगळ्या मजकुरात मला सर्वांत कळकळीने हेच सांगायचं आहे.

अंडी गोठवणं सगळ्यांत योग्य, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायचं. त्यानंतर गर्भाला लांबट आकार येतो, मज्जासंस्था घडू लागते. पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना फ्रीजरमध्ये टाकणं क्रूर आहे, ते कधीही करू नका. त्या टप्प्यावर प्राण्यांच्या डॉक्टरांशिवाय मार्ग नाही.

मी भिंगातून अंडी बघत होते तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या.

"अगं, जीव आलाय का त्यात?"

मी त्यांना भिंग दिलं. काळा गोल ठिपका आणि त्याची नुकतीच पडत चाललेली विभागणी, इतकंच दिसत होतं. डोळा नाही, शेपूट नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मग आजच कर," त्या म्हणाल्या, "उद्यावर टाकू नकोस."

अंडी लागलेली झाडं अख्खी बाहेर काढा. काचेवरची अंडी जुन्या एटीएम कार्डाने सोडवा. थोड्या पाण्यासह झिपच्या पिशवीत भरून 48 तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग बागेत पुरा. गोठवण्याआधी बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. नदी, तलाव, विहीर तर नाहीच. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, आणि आपल्या मुठा नदीत सोडल्याने त्याचं जंगलातलं अस्तित्व वाचत नाही. सोचिमिल्कोत 1998 मध्ये एका चौरस किलोमीटरला 6000 अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014 मध्ये 36 उरले. ती अडचण आपल्या टँकमधल्या अंड्यांनी सुटणार नाही.

पुढचे तीन आठवडे झाडांची मुळं, गुहा आणि स्पंज फिल्टर तपासत राहा. एखादं अंडं राहतंच.

वाढवायचीच असतील तर

मी बारा अंडी ठेवली. ती ठेवायला नको होती, कारण गोदा-कृष्णा एकाच घाण्यातले भाऊ-बहीण होते आणि ते विकणाऱ्याने मला नंतर सांगितलं. पाळीव अ‍ॅक्सोलॉटलचं मूळ आधीच अरुंद आहे. 1864 मध्ये पॅरिसला 34 प्राणी पोचले, त्यांतले सहा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ओग्युस्त द्युमेरिल यांना मिळाले, पाच नर आणि एक मादी. पुढच्याच वर्षी त्यांनी अंडी दिली आणि त्या वंशाची पिल्लं युरोपभर गेली. नातं माहीत नसेल तर अंडी ठेवू नका.

शिवाय भारतात नोंदणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, त्यांत अ‍ॅक्सोलॉटलही आहे. प्राणी बाळगणं, दुसऱ्याला देणं आणि पिल्लं होणं, तिन्हींची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. "मित्राला दोन पिल्लं दिली" एवढ्यावर ते संपत नाही.

अंडी 18 ते 20 अंशांवर दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. पिल्लं सेंटीमीटरभर असतात आणि पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर राहतात. नंतर त्यांना हलणारंच खाणं लागतं. मिठाच्या पाण्यात हवा सोडून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांची) अंडी रोज लावायची, दीड दिवसात फुटली की गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यायची. दिवसातून दोनदा. पाणी रोज पूर्ण बदलायचं, क्लोरीन काढलेलं आणि आधी थंड केलेलं. कॉलेजच्या परीक्षा चालू असताना मी हे सात आठवडे केलं.

पुढचे पाय फुटले की पिल्लं एकमेकांचे पाय चावतात. प्रत्येकाला वेगळा डबा हवा. मी चार दिवस उशीर केला आणि एकाचा पाय गेला. तो पुन्हा उगवला, पण ते दिवस मला विसरता येत नाहीत. बारांतली सात फुटली, चार जगली. पाच सेंटीमीटरनंतर गांडुळाचे बारीक तुकडे चालू केले तेव्हा कुठे श्वास घेतला.

मादीकडे बघायला विसरू नका

अंडी काढायच्या धांदलीत हेच राहतं. कृष्णा अंडी घालून झाल्यावर चपटी आणि थकलेली दिसत होती. तिला एकटीला, अंधाऱ्या टँकमध्ये ठेवलं आणि रोज गांडूळ दिलं. निदान सहा महिने नराजवळ नेऊ नका, आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीला तर मुळीच नाही. तिची स्वतःची वाढ अजून चालू असते.

चौघं पिल्लं आता अकरा महिन्यांची आहेत. एकाचे मागचे दोन उंचवटे गेल्या महिन्याच्या फोटोत स्पष्ट दिसले, त्याला नर म्हणून वेगळं केलं. उरलेल्या तिघांचा भाग सपाट आहे. पाय गेलेलं पिल्लू त्यांतलंच, 19 सेंटीमीटरचं. वहीत तिघांपुढेही "अजून माहीत नाही" लिहिलंय आणि तिघांचे डबे वेगळे आहेत.